एमएफआय तोच, भाव तोच, मग दाणा वेगळा का वागतो?

झाकणवाला

राम राम मंडळी. प्रश्न धंद्यातला आहे, पण इथे सगळ्या विषयांतले लोक असतात म्हणून इथेच टाकतोय.

रबाळे एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन इंजेक्शन मशिनं (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ढकलणारी), कामगार पाच आणि सहावा मी. खाऊच्या डब्यांची झाकणं काढतो. पीपीची (पॉलिप्रॉपिलीन), पातळ, चार कॅव्हिटीचा मोल्ड, म्हणजे एका साच्यात चार झाकणांचे खाचे. चार वर्षं एकाच कंपनीचा दाणा (कच्चं प्लॅस्टिक) वापरला, एमएफआय १२. एमएफआय म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा. मागच्या महिन्यात तो मिळेना म्हणून डीलरने दुसरा दिला. सर्टिफिकेटवर एमएफआय १२, डेन्सिटी तीच, भावही तोच. "डोळे झाकून लावा," म्हणाला. लावला.

सेटिंगला हात लावला नव्हता. पहिल्याच दिवशी चार नंबरच्या कॅव्हिटीत कोपरा शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेला. प्रेशर चढवलं की भरतो, पण मशीन कण्हतं. दाण्याला किंचित वेगळा वासही येतो. डीलरकडे तक्रार केली तर तो सर्टिफिकेट नाचवतो. शेवटी पदरचे पैसे घालून लॅबमधून तपासून घेतलं, तर एमएफआय ११.८ आला. म्हणजे कागद खरा!

वितळल्यावर दोन्ही दाणे सारखे वाहतात असं कागद म्हणतो. मोल्ड म्हणतो नाही. खोटं कोण बोलतंय?

कोपरीचा_कोपरा

कोपरा शॉर्ट म्हटल्यावर मला कोणी हाक मारली असं वाटलं. वाचतोय.

वागळे_इस्टेट

बत्तीस वर्षं मशीनवर काढली. दाणा बदलला की सेटिंग बदलायचं, यात शास्त्र कसलं? बॅरलचे (माल वितळवायच्या नळीचे) झोन दहा-दहा डिग्रीने वाढवा, व्हेंट (मोल्डमधली हवा निघायच्या फटी) साफ करा, चार नंबरचा गेट (माल आत शिरायचं तोंड) बघा. चारातली एकच कॅव्हिटी रुसते तेव्हा दोष मोल्डचा. आपण कितव्या कॅव्हिटीत चाललोय हे दाण्याला कळत नाही.

झाकणवाला

दादा, दहा डिग्री वाढवून झालं. थोडा फरक पडला, पण सायकल (एका फेरीचा वेळ) दीड सेकंदाने लांबली. आणि मोल्डचं म्हणाल तर जुन्या दाण्याची दोन पोती शिल्लक होती, ती परवा लावली. चारही कॅव्हिटी टकाटक.

द्रवरूप

कागदही खरा आणि मोल्डही. तुम्ही कागदाला जे विचारताय ते त्याला माहीतच नाही, एवढंच.

एमएफआय काढतात कसा ते आठवा. पीपी २३० डिग्रीला वितळवायचं, वर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि खालच्या दोन मिलिमीटरच्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतं ते मोजायचं. तुमच्या दाण्याचं १२ ग्रॅम येतं. दहा मिनिटांत! तुमचं मशीन याच्या दुप्पट माल सेकंदाभरात मोल्डमध्ये ढकलत असेल. वितळलेल्या मालाचे थर एकमेकांवरून किती वेगाने घसरतात त्याला शिअर रेट म्हणतात. १२ एमएफआयच्या मालाचा तो त्या भोकात सेकंदाला तीसच्या आसपास असतो. तुमच्या गेटमध्ये तो हजारांत जातो, गेट बारीक असेल तर दहा हजारांच्याही वर.

पाण्याला याचं काही नाही, हळू ओता की जोरात, पाणी ते पाणीच. वितळलेलं प्लॅस्टिक मात्र जितकं जोरात ढकलाल तितकं पातळ होत जातं. किती पातळ होईल, ते आतल्या साखळ्या ठरवतात. तुमचे दोन्ही दाणे तीसच्या वेगाला सारखे आहेत. दहा हजारला ते सारखे असतील असं कोणीच लिहून दिलेलं नाही.

खारेगावची_माई

साखळ्या म्हणजे नेमकं काय हो? मी मराठीची शिक्षिका, शास्त्र दहावीला सोडलं. पण शाळेत 'श्यानता' म्हणून एक शब्द होता, तो इथे कुणी वापरत कसा नाही?

कोपरीचा_कोपरा

माई, वर्कशॉपमध्ये 'श्यानता वाढली' म्हटलं तर कामगार कुत्रं शोधायला बाहेर पळतील.

द्रवरूप

माई, शब्द बरोबर आहे तुमचा. मी 'दाटपणा' म्हणतो, कारण त्यावर कोणी हसत नाही.

साखळ्यांचं असं. प्रॉपिलीन वायूचा छोटा रेणू. असे हजारो रेणू एकामागे एक जोडले की पॉलिप्रॉपिलीनची एक साखळी होते. शेवईसारखी, लांब आणि लवचीक. वितळलेल्या मालात अशा असंख्य शेवया एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आता संध्याकाळी साडेसातला ठाण्याचा नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म डोळ्यांसमोर आणा. वाशीची गाडी आत्ता लागलीय. एकटा माणूस गर्दीतून कसाही निसटतो. पण दहा जणांनी एकमेकांचे हात घट्ट धरले असतील तर ती माळ आडवी सरकूच शकत नाही. पुढचा जिथून गेला त्याच वाटेने मागच्यांनी जायचं, सापासारखं. पिएर-जिल द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हेच मांडलं की गुंत्यातली साखळी फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरपटते. त्याला १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात पॉलिमरवरच्या कामाचा मोठा वाटा होता.

यातून निघणारा हिशोब भयंकर आहे. साखळ्या आखूड असताना लांबी दुप्पट केली की दाटपणा साधारण दुप्पट होतो. पण गुंतण्याइतक्या लांब झाल्या की तो लांबीच्या ३.४ घाताने वाढतो. लांबी दुप्पट, तर दाटपणा दहापटीहून जास्त.

घणसोली_ग्राफ

छोटी दुरुस्ती, सर. द जेनच्या सिद्धांतातून घात ३ येतो. ३.४ प्रयोगात येतो. साखळीची टोकं वळवळत राहतात आणि गर्दीतली इतर माणसंही हलत असतात, ते धरलं की हिशोब ३.४ च्या जवळ जातो. आमच्या सरांनी यावर अख्खा तास घेतला होता. मी झोपलो होतो, पण एवढं ऐकलं.

द्रवरूप

मान्य. झोपेत एवढं ऐकत असाल तर जागेपणी घाबरायला हवं तुम्हाला.

वागळे_इस्टेट

प्लॅटफॉर्म, नोबेल, सगळं झालं. झाकणवाल्याच्या कोपऱ्याचं काय?

द्रवरूप

येतो. साखळ्या सगळ्या एका लांबीच्या नसतात. एका वर्गातली सगळी मुलं साडेचार फुटी आहेत. शेजारच्या वर्गात काही तीन फुटी, काही सहा फुटी. सरासरी उंची दोन्हीकडे एकच. एमएफआय हा असा सरासरीचा आकडा आहे, वर्ग कसा भरलाय ते तो सांगत नाही.

ज्या दाण्यात आखूड आणि खूप लांब साखळ्या मिसळलेल्या असतात, तो जोर लावला की झपाट्याने पातळ होतो. लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात, गुंता सैलावतो. सगळ्या साखळ्या साधारण एका मापाच्या असतील तर तो उशिरा आणि कमी पातळ होतो. एमएफआयच्या भोकात दोघे बरोबरीत, गेटमध्ये दुसरा मागे पडतो. आणि सगळ्यात लांबची, सगळ्यात कमी प्रेशर पोचणारी कॅव्हिटी आधी ओरडते. चार नंबर रनरच्या (मोल्डमधल्या मालाच्या वाटेच्या) शेवटाला आहे का?

माझा अंदाज सांगतो. जुना दाणा सरळ रिॲक्टरमधून आलेला, मिसळ साखळ्यांचा. नवा 'कंट्रोल्ड ऱ्हिऑलॉजी' ग्रेड, म्हणजे आधी लांब साखळ्यांचा कमी एमएफआयचा माल बनवायचा आणि मग एक्स्ट्रूडरमध्ये पेरॉक्साइड घालून साखळ्या तोडत एमएफआय वर आणायचा. साखळी जितकी लांब तितक्या तिच्यात तुटायच्या जागा जास्त, म्हणून लांब साखळ्या आधी जातात आणि उरतो तो एका मापाचा माल. तुम्ही वासाचं लिहिलंय म्हणून संशय बळावला. पेरॉक्साइडचे तुकडे मागे राहतात, त्यांना वास असतो.

दोन गोष्टी करा. लॅबला तोच माल ५ किलोच्या वजनाखालीही तपासायला सांगा, जुना आणि नवा दोन्ही. वजन वाढल्यावर जुना जास्त उसळी मारेल. दुसरी फुकटची: दोन्ही दाण्यांची झाकणं काचेवर पालथी ठेवून बघा. मी बरोबर असेन तर नव्याच्या कडा कमी उचललेल्या असतील.

झाकणवाला

चार नंबर शेवटालाच आहे! बाकी तपासून सांगतो. लॅबला चार दिवस लागतील.

तुर्भे_नाका

तोवर आमची रडकथा ऐका. मी फिल्मवाला. पूर्वी निव्वळ एलडी (लो डेन्सिटी पॉलिथिन) चालवायचो. मग गिऱ्हाइकांना पातळ आणि मजबूत फिल्म हवी झाली म्हणून लिनियर एलडी आणला. एमएफआय सारखाच बघून घेतला, झाकणवाल्यासारखाच शहाणा मी. मोटरचे अँपिअर असे चढले की इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वर डायच्या (ज्यातून फिल्म बाहेर पडते त्या साच्याच्या) तोंडातून निघणारी फिल्म खरखरीत, शार्कच्या कातडीसारखी. बबलही (हवा भरून फुगवलेली फिल्मची नळी) डुलायला लागला. जुन्या एलडीचा बबल म्हणजे गणपतीतल्या फुग्यासारखा, ताठ.

नंतर एका जाणकाराने सांगितलं की एलडीच्या साखळीला लांब लांब फांद्या असतात, लिनियरला फक्त आखूड फुटवे. त्या फांद्यांनी एवढा फरक?

द्रवरूप

एवढाच. एलडी सापडला १९३३ मध्ये, इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट यांना. हजार वातावरणांहून जास्त दाबाखाली इथिलीनचा मेणचट पदार्थ झाला, तोही दुसरंच काही करायला गेले असताना. त्या दाबाखाली साखळी सरळ वाढत नाही, मध्येच फांद्या फुटतात. काही फांद्या मूळ साखळीएवढ्या लांब.

पुन्हा नऊ-दहा नंबरवर चला. सरळ माळ सापासारखी निसटते. पण मधल्या माणसाने दोन्ही बगलांना एकेक पोर धरलंय आणि पोरांच्या हातात पिशव्या आहेत. आता ना पुढे सरकता येतं, ना मागे. आधी पोरांना जवळ ओढायचं, मगच पाऊल. म्हणून फांद्यांच्या मालाला हळूहळू ताणलं तर तो सैल होत जातो, पण झटकन ताणलं की फांद्या अडकतात आणि तो उलट ताठरतो. तुमचा बबल त्या ताठरण्यावर उभा असतो. जिथे फिल्म पातळ होऊ पाहते तिथेच ती ताठ होते आणि स्वतःला सावरते. लिनियरमध्ये हे होत नाही, म्हणून डुलतो. जोर लावल्यावर एलडी जितका पातळ होतो तितका लिनियर होत नाही, म्हणून अँपिअर.

खरखरीतपणाचं कारण डायच्या ओठांशी आहे. आत भिंतीला चिकटलेला थर तोंडातून बाहेर पडताना एकदम ताणला जातो आणि पृष्ठभाग फाटतो.

तुर्भे_नाका

मग बरोबर. आम्ही डायचा गॅप वाढवला, फ्लोरोपॉलिमरचा मास्टरबॅच (डाय निसरडा करणारा मसाला) घातला, फिल्मचे काटे गेले. आणि पंचवीस टक्के एलडी परत मिसळला, बबल उभा राहिला. शास्त्र आज कळलं, इलाज आधीच झाला होता.

खारेगावची_माई

चकलीला काटे आले की घरात कौतुक, फिल्मला आले की गिऱ्हाईक परत. बरं, ताणल्यावर ताठरणं मला स्वयंपाकघरात कुठे दिसेल? दोन तारी पाकात?

घणसोली_ग्राफ

पाक नको, माई. साखरेचे रेणू छोटे, साखळ्या नाहीत. पाक नुसता दाट असतो. भेंडी चिरा. सुरीला जी लांबच लांब तार येते ती भेंडीच्या चिकातल्या लांब साखळ्यांमुळे.

खारेगावची_माई

पण पाकाची तार मी डोळ्यांनी बघते त्याचं काय?

घणसोली_ग्राफ

बोटांमध्ये क्षणभर येते आणि तुटते ना? भेंडीची तार बघा, पातळ चीक असूनही तुटत नाही. पाक दाट म्हणून तार, भेंडी साखळ्यांमुळे तार.

खारेगावची_माई

हे पटलं. उद्या भेंडीच आहे.

बेलापूररोड

फार दिवसांनी असा धागा आला. मी दाणा बनवणाऱ्या बाजूला होतो, आता निवृत्त. ऐरोलीत राहतो. आज ठाणे-बेलापूर रोडवर काचेच्या इमारती दिसतात, पण १९६८ मध्ये याच रस्त्यावर नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे नॅफ्था तोडून प्लॅस्टिकचे वायू काढणारा कारखाना, सुरू झाला होता. रात्रीच्या पाळीला जाताना फ्लेअरच्या (चिमणीवरच्या ज्योतीच्या) उजेडात घड्याळ दिसायचं.

साखळीची लांबी आम्ही कशी ठरवायचो ते सांगतो. रिॲक्टरमध्ये हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन भेटला की वाढती साखळी तिथेच संपते. जास्त हायड्रोजन म्हणजे आखूड साखळ्या आणि एमएफआय वर. दर दोन तासांनी नमुना लॅबमध्ये, वितळलेल्या दोऱ्याचे तुकडे कापून वजन करायचे आणि कंट्रोल रूमला फोन. एमएफआयचा खरा उपयोग हा होता. आज कालच्यासारखा चाललाय की नाही, इतकंच तो सांगायचा. आमच्या कारखान्यापुरता तो उत्तम आकडा होता. दोन कारखान्यांचा माल त्याने तोलायचा, ही सवय व्यापाऱ्यांनी लावली.

द्रवरूप यांनी वासावरून पेरॉक्साइड ओळखलं, त्यांना माझा नमस्कार.

महापे_प्रीफॉर्म

आमच्या पेट (पीईटी) बाटलीत एमएफआयला कोणी विचारत नाही, तिथे आयव्ही (इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी, साखळीच्या लांबीचं माप). बाटलीचा दाणा ०.८० च्या आसपास, धाग्याचा त्याहून कमी. आणि पेटचा शत्रू पाणी. ओला दाणा वितळवला की पाण्याचा रेणू साखळी मध्येच कुठेही कापतो. म्हणून १६०-१७० डिग्रीला चार-सहा तास सुकवून ओलावा ५० पीपीएमच्या खाली आणायचा. पावसाळ्यात महाप्याची हवा कशी असते ते सांगायला नको. एकदा रात्रपाळीच्या पोराने ड्रायर बंद ठेवला आणि मला सांगितलं, "साहेब, आज माल मस्त पळतोय!" पळणारच. साखळ्याच उरल्या नव्हत्या. सकाळी प्रीफॉर्म (ज्या फुगवून बाटली होते त्या जाड नळ्या) फुगवायला घेतले तर फटाफट फुटले.

वागळे_इस्टेट

हाहा, हे मी पीसीमध्ये (पॉलिकार्बोनेट) भोगलंय. पण पीपीला ओलाव्याचं तेवढं नाही. पीपी गरम करून करूनच तुटतो. ग्राइंडिंग (दळून परत वापरलेला माल) जास्त मारलं की माल पळायला लागतो आणि झाकण पिचकतं. झाकणवाले, ग्राइंडिंग किती घालता?

झाकणवाला

रनरचंच, पंधरा-वीस टक्के. दोन्ही दाण्यांना सारखंच.

वागळे_इस्टेट

मग ते नाही. तरी व्हेंट बघाच.

घणसोली_ग्राफ

दहा डिग्रीने फारसा फरक का पडला नाही त्याचंही कारण आहे. पॉलिथिन-पीपीच्या साखळ्या लवचीक, त्यांचा दाटपणा तापमानाने फार हलत नाही. पीपीला २३० वरून २४० वर नेलं तर फार तर पंधरा-वीस टक्के कमी होईल. पीसीच्या साखळीत बेंझिनची कडी असतात, ती ताठ. तिथे दहा डिग्रीत माल बदलतो, पण जोर वाढवून तितका फायदा नाही. म्हणून पीसीला तापमान, पीपीला स्पीड. इंजेक्शन स्पीड वाढवून बघितलात का?

कोपरीचा_कोपरा

आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा एमएफआय किती असेल? तापमान वाढवलं, जोर लावला, काहीच सरकत नाही.

बेलापूररोड

ती अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिथिन. रेणुभार तीस लाखांच्या पुढे, वितळली तरी वाहत नाही. दाबून ठोकळा करायचा आणि कातून काढायचं.

तुर्भे_नाका

अवांतर: असल्या विषयातही आपल्याकडे मोठं काम झालंय. डॉ. रघुनाथ माशेलकर मूळचे याच क्षेत्रातले, पॉलिमर आणि त्यांचे प्रवाह. माटुंग्याच्या यूडीसीटीत (मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग) शिकले, पुढे पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संचालक झाले. टीव्हीवर त्यांना हळदीच्या पेटंटबद्दलच विचारतात. एकदा कुणी माझ्या बबलबद्दल विचारा म्हणावं.

झाकणवाला

मंडळी, रिपोर्ट आला.

२.१६ किलोला जुना १२.१, नवा ११.८. ५ किलोला जुना ४८ वर गेला, नवा ३९ वर अडकला. द्रवरूप साहेब, तुम्ही म्हणालात तेच. नव्या दाण्याची कंपनीची डेटाशीट डीलरकडून मागवली, त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय, 'कंट्रोल्ड ऱ्हिऑलॉजी'. मी आणि डीलर दोघांनी ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

झाकणं काचेवर पालथी ठेवली. जुन्याच्या दोन कडांखाली पोस्टकार्ड जातं, नव्याच्या एकाही नाही.

आणि वागळे दादा, व्हेंट उघडले. चार नंबरचा व्हेंट मेणकट काजळीने अर्धा बुजलेला. साफ केला, स्पीड वाढवला, तापमान पुन्हा खाली आणलं. कोपरा भरतोय. प्रेशर अजून जुन्यापेक्षा जास्त लागतं, पण मशीन कण्हत नाही.

वागळे_इस्टेट

मी काय म्हणत होतो.

द्रवरूप

दोघांचंही बरोबर निघालं, बरं झालं. जुना दाणा जोरात पातळ व्हायचा म्हणून बुजका व्हेंटही चालवून घेत होता. कडांचं कारण: अतिलांब साखळ्या भरताना ताणल्या जातात, आणि पूर्ववत व्हायच्या आत माल थिजतो. मग झाकण एका दिशेला जास्त आकसतं, दुसरीकडे कमी, आणि कड उचलते. नव्या दाण्यात त्या साखळ्या कापून टाकलेल्या आहेत. प्रेशर आणखी कमी हवं असेल तर याच जातीचा वरच्या एमएफआयचा ग्रेड मागवा, पण आधी एकच पोतं. झाकण पाडून बघा, तडकत नाही ना.

महापे_प्रीफॉर्म

खाऊचे डबे म्हणालात. वासाचं काय? गिऱ्हाईक लाडू ठेवणार आहे त्यात.

झाकणवाला

तीच चिंता आहे. काल दोन झाकणं बंद बरणीत रात्रभर ठेवली, सकाळी बायकोला वास घ्यायला दिली. ती म्हणाली, "प्लॅस्टिकचाच येतोय, आणि कसला येणार?" आईला मात्र वेगळा आला. कंपनीला पत्र टाकलंय, कमी वासाचा ग्रेड आहे का विचारलंय. उत्तर आलं की कळवतो.

खारेगावची_माई

आईचं ऐका. आणि भेंडीची तार मोजली, कोपरापर्यंत आली.

कोपरीचा_कोपरा

पुन्हा मीच?